मातीतून मॅटवर गेलेला गोळेश्वरचा गडी : खाशाबा जाधव

दिवाळी उलटली की आपल्या सीमाभागात जत्रांचे वेध लागतात. हलगी कडाडली की पोरं फडाकडं पळतात. भालकी, औराद, बसवकल्याण असो की पलीकडचं उदगीर, निलंगा असो, कुस्तीला राज्याची सीमा कधी आडवी आली नाही. कन्नड बोलणारा पैलवान आणि मराठी बोलणारा पैलवान एकमेकांच्या हाताला माती लावतात आणि भिडतात.

आता मात्र एक नवीनच प्रकार ऐकू यायलाय. नोकरीसाठी पुण्या-हैदराबादला, बेंगळुरूला गेलेली आपली काही पोरं तिशी-पस्तिशीत ऑफिस सुटल्यावर ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकायलेत. जाड कापडाचा अंगरखा, कमरेला पट्टा, खाली गादी. गावाकडचे म्हातारे हसतात. या वयात कशाला हा उद्योग, म्हणतात. लहानपणी तालीम केली नाही त्याला आता काय जमणार?

हे ऐकलं की खाशाबा दादासाहेब जाधव आठवतात. नाव सगळ्यांना ठाऊक आहे. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक त्यांनी मिळवून दिलं, 1952 साली हेलसिंकीत. पण ज्या मॅटवर ते पदक मिळालं, त्या मॅटवरची कुस्ती त्यांनी वयाची विशी ओलांडल्यावर शिकली, ही गोष्ट फार कमी जण सांगतात.

जन्म 15 जानेवारी 1926 चा, सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावी. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. तेव्हा घरातच आखाडा होता म्हणा ना. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात. बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली डावपेच शिकले. 1942 च्या चळवळीतही हे पोरगं होतं.

पुढं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. इथं एक मजेशीर प्रसंग घडला. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत नाव द्यायला गेले, तर क्रीडाशिक्षकांनी त्यांची काटकुळी अंगलट बघून नकार दिला. उंची जेमतेम साडेपाच फूट, पैलवान म्हणावं असं शरीर नाही. खाशाबा सरळ प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकरांकडं गेले. खर्डेकरांनी परवानगी दिली. मग खाशाबांनी आपल्याहून दांडग्या गड्यांना एकामागून एक पाडलं. अंगावरून माणूस जोखायची आपली खोड जुनीच आहे.

त्यांचा हातखंडा डाव ढाक. समोरच्याची मान बगलेत आवळायची, कंबर आत घालायची आणि त्याला आपल्या अंगावरून फेकायचा. जिउ-जित्सू किंवा जुडो शिकणाऱ्या पोरांना हे लगेच कळेल, कारण तिकडंही मान-हात धरून कमरेवरून फेकायचा असाच डाव आहे. माणसाचं शरीर जगात सगळीकडं सारखंच, मग डाव तरी किती वेगळे असणार?

1948 ला लंडन ऑलिम्पिक आलं. जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. खाशाबांचं वय तेव्हा 22. तोपर्यंतची सगळी कुस्ती मातीतली. आणि मातीतली कुस्ती म्हणजे काय, तर हळद, ताक, तेल घालून मऊ केलेली लाल माती, अंगाला ती चोळून पकड घट्ट करायची, आणि समोरच्याची पाठ टेकवली की विषय संपला. गुणांचा हिशेब फारसा नाही, घड्याळाची घाई नाही. लंडनला गेल्यावर खाली कडक गादी, हातात मातीच नाही, घामानं पकड सुटते, वर वेळेचं बंधन आणि पंचांचे गुण. जवळजवळ वेगळाच खेळ.

अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी तिथं त्यांना तयार केलं. खाशाबांनी तो नवा खेळ पोरासारखा शिकून घेतला. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांत हरवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं, आणि इराणच्या मन्सूर रईसीपुढं थांबले. फ्लायवेट गटात सहावा नंबर. मॅटची नीट ओळख नसलेल्या माणसाचा जगात सहावा नंबर, हे आजही थोडं अचाट वाटतं.

परत आले आणि पुढची चार वर्षं त्याच एका ध्यासात काढली. वजनगट वाढवला, 57 किलोचा बँटमवेट. पण 1952 च्या संघात नाव लागेना. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपला एक गुण मुद्दाम कापला, असं त्यांचं म्हणणं होतं. गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली. महाराज स्वतः कुस्तीचे शौकीन. त्यांनी फेरकुस्ती लावली, आणि खाशाबांनी निरंजन दासला बघता बघता चीत केलं. निवड पक्की झाली.

आता पैसा. सरकारी दारात खेटे घातले, पण गरजेला पुरेल असं हाती लागलं नाही. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. त्या काळचे 7,000. एका मास्तरानं विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी छप्पर गहाण टाकावं, यावर काय बोलायचं?

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या पोलिक्विनला, मेक्सिकोच्या बासुर्तोला आणि जर्मनीच्या श्मिट्झला हरवलं. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी.

हा इशी मुळात जुडोचा गडी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या अमलाखाली गेला, शाळांतून जुडोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडं वळला. आज आपली पोरं शिकायलेत ते जिउ-जित्सू त्याच जुडोच्या मुळातून आलेलं आहे. कानो जिगोरो यांच्या कोडोकानमध्ये शिकलेले मित्सुयो माएदा 1914 ला ब्राझीलला पोचले, तिथं त्यांनी कार्लोस ग्रेसीला शिकवलं, आणि ग्रेसी भावंडांनी त्यातली जमिनीवरची झटापट वाढवून वेगळी विद्या उभी केली. कुस्तीत पाठ टेकली की हरला. जिउ-जित्सूत पाठीवर पडलेला माणूस पायांची मिठी घालून खालूनच समोरच्याला जेरीस आणतो. आपल्या वस्तादांना हे बघवणार नाही, ते जाऊ द्या. पण मातीतून मॅटवर आलेला खाशाबा आणि जुडो सोडून मॅटवर आलेला इशी एकमेकांसमोर उभे राहिले, तेव्हा दोघंही आपापली मूळ विद्या अंगात घेऊन, मागाहून शिकलेला खेळ खेळत होते.

ती कुस्ती लांबली. खाशाबा हरले, पण सहज नाही. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांत अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. तो नियम पंचांना दाखवायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेल्या अंगानं खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. त्या अर्ध्या तासात काय झालं असतं, याची चर्चा कुस्तीवाल्यांत अजून होते.

पदक घेऊन आले तेव्हा कराड ते गोळेश्वर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी पहिलं काम कुठलं केलं असेल? कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले, आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवून दिलं.

नोकरी लागली ती 1955 ला, मुंबई पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून. खेळ हा त्यांच्या पोटापाण्याचा धंदा कधी झाला नाही. ड्युटी करायची आणि उरलेल्या वेळात पोलीस खात्यातल्या पोरांना कुस्ती शिकवायची. बढती शेवटच्या काळात मिळाली, असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले, पण पेन्शनसाठी भांडावं लागलं. हलाखीचे दिवस आले. 1984 च्या ऑगस्टमध्ये रस्ता अपघातात गेले. वय 58.

नंतर सरकारला आठवण झाली. 1993 ला शिवछत्रपती पुरस्कार, 2000 ला अर्जुन पुरस्कार, दोन्ही मरणोत्तर. पद्म पुरस्कार हयातीत मिळालाच नाही. 2010 ला दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्ती हॉलला त्यांचं नाव दिलं. 15 जानेवारी हा त्यांचा वाढदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला 44 वर्षं गेली, 1996 ला लिएंडर पेसपर्यंत. कुस्तीतलं पुढचं पदक तर 2008 ला, सुशीलकुमारचं.

खाशाबांच्या गोळेश्वरच्या घराचं नाव ऑलिम्पिक निवास. कराडकडं गेलात तर गाव फार आडबाजूला नाही, जरा वाट वाकडी करून बघून या.