माता रमाईंचे माहेर : धुत्रे, वलंगकर आणि गोविंदपूरकर

७ फेब्रुवारी जवळ आली की गावोगावच्या फलकांवर माता रमाईंचा परिचय लागतो. त्यात वडिलांचे नाव बहुतेक वेळा भिकू धुत्रे (वलंगकर) असे लिहिलेले असते. कंस तसाच पुढच्या वर्षीच्या फलकावर जातो, पण एका माणसाला दोन आडनावे कशी, हे सहसा कुणी सांगत नाही. आम्ही यंदा त्या कंसापासूनच सुरुवात करत आहोत, कारण रमाईंच्या माहेरचा सगळा गोतावळा त्यात दडलेला आहे.

कोकणातल्या आपल्या घराण्यांत आडनावे दोन प्रकारची चालत. एक कुळाचे, दुसरे गावाचे. माणूस गाव सोडून पलटणीत, बंदरावर किंवा मुंबईच्या चाळीत गेला की तिथे त्याला गावाच्या नावाने ओळखत. बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, म्हणून आंबडवेकर. पुढे शाळेत त्याचे आंबेडकर झाले आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद झाली. आई भीमाबाईंचे माहेर मुरबाडचे, म्हणून मुरबाडकर. तसेच धुत्रे हे कुळाचे नाव आणि वलंग गावावरून वलंगकर. माणसे तीच, घर तेच. आपल्या पणजोबांचा शोध घेताना एकाच आडनावावर अडून बसलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. सोयरीक एका नावाने जुळलेली असते आणि कागद दुसऱ्याच नावाने निघतो.

रमाईंचा जन्म १८९८ सालचा, गाव दापोलीजवळचे वणंद. आई रुक्मिणी. वडील भिकू दाभोळ बंदरात होडीतून उतरवलेल्या मासळीच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात पोचवत. त्या मजुरीवर घर चालायचे. गोराबाई आणि मीराबाई या बहिणी, शंकर हा भाऊ, आणि रमाईंचे घरचे नाव रामी. आधी आई गेली, मग वडील गेले. पोरक्या झालेल्या लेकरांना वलंगकर काका आणि गोविंदपूरकर मामा यांनी मुंबईला, भायखळ्याच्या चाळीत आणले.

इथे जरा थांबावे लागते. चरित्रांत या मामांचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. पण मामा म्हणजे आईचा भाऊ, निदान आईकडचा नातलग. म्हणजे रुक्मिणीमातेच्या माहेराची जी खूण आपल्या हाती उरली, ती या मामांच्या आडनावात आहे. बाईचे माहेर कागदावर येत नाही, ते असे भावाच्या नावातून डोकावते. आपल्या घरांतही हेच झाले आहे. पणजीचे नाव सांगता येते, पण ती कुणाची लेक होती हे विचारले की घर गप्प होते. ज्या म्हाताऱ्या आज नव्वदीत आहेत त्यांना हे विचारायला अजून थोडे दिवस आहेत.

रामजींकडची माहिती मात्र भरपूर मिळते. त्याचे कारण पलटण. रामजी सुभेदार, भीमाबाईंचे वडीलही सुभेदार मेजर. नोकरी, बढती, पेन्शन, सगळ्याचे कागद. टोपल्या वाहणाऱ्या भिकूंची हजेरी कुणी मांडून ठेवणार? पण म्हणून धुत्रे घराणे अगदीच अनोळखी होते असे समजू नये. पलटणीतून १८८६ साली निवृत्त झालेले, जोतीराव फुल्यांच्या विचाराने भारलेले, १८८८ साली विटाळ विध्वंसन लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे रमाईंच्या नात्यातले. निवृत्तीनंतर ते दापोलीत राहत आणि रामजी सुभेदारांनीही पेन्शनीत निघाल्यावर काही काळ दापोलीतच बिऱ्हाड केले होते. गोपाळबाबा १९०० साली गेले. रमाई म्हणजे केवळ एक गरीब पोरकी मुलगी, असे रंगवताना हे नाते गाळले जाते, हे आम्हाला खटकते.

लग्न भायखळ्याच्या बाजारात झाले. दिवसाचा धंदा आटोपल्यावर रात्री. उघड्या छपराखाली एका कोपऱ्यात वराकडची मंडळी, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडची. पायाखालून बाजाराचे घाण पाणी वाहत होते आणि बसायला दुकानांचे दगडी ओटे. पहाट होऊन कोळणी यायच्या आत जागा मोकळी करून द्यायची होती. आधी ठरलेली एक सोयरीक मोडल्याबद्दल रामजींना जातपंचायतीला ५ रुपये दंड भरावा लागला होता, असेही चरित्रांत येते. लग्नाचे साल काही ठिकाणी १९०६, तर मॅट्रिकनंतर लग्न झाले असे मानणारे १९०८ सांगतात. वधू नऊ वर्षांची होती, हे मात्र बहुतेक सगळे सांगतात. शाळाप्रवेशाची तारीख राहिली, लग्नाची नाही, कारण शाळेत रजिस्टर होते आणि मासळी बाजारात नव्हते. या दोन सालांवरून हमरीतुमरी करण्यापेक्षा फलकावर दोन्ही छापावीत, असे आमचे मत.

सासरी रामी रमाबाई झाली. घरात सावत्र सासू जिजाबाई, दीर बाळाराम आणि आनंदराव, नणंदा मंजुळा आणि तुळसा, आणि भीमाबाईंच्या पश्चात भिवाला वाढवणाऱ्या आत्या मीराबाई. १९१३ च्या फेब्रुवारीत रामजी गेले आणि त्याच वर्षी बाबासाहेब अमेरिकेला गेले. पुढे परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत आनंदरावांच्या विधवा पत्नी लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद यांच्यासह संसार चालला. धाकटा भाऊ शंकर हाही बहिणीच्या आधाराने होता. माहेर संपले असे लोक म्हणतात, पण रमाईंनी ते सासरच्या दोन खोल्यांत आणून ठेवले होते.

मुले पाच. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. राजरत्न १९२६ साली गेला. पाचांपैकी यशवंतराव तेवढे जगले. २७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाईंचे निधन झाले. पाकिस्तानवरचा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला तेव्हा तिथे नाव घातले ते रामू.

वंशावळ मांडणाऱ्यांसाठी एक सूचना. या घराण्यात मीरा तीन आहेत : रामजींची बहीण, रमाईंची बहीण आणि १९५३ साली यशवंतरावांशी विवाह होऊन आलेल्या मीराताई. घाईत त्यांची सरमिसळ होते. यशवंतराव आणि मीराताईंना मुले चार, त्यांत लेक एकच, आणि तिचे नाव रमा.