तेजीचा बादशहा प्रेमचंद रायचंद

प्रेमचंद रायचंद अमुक शेअर घेत आहेत, एवढी कुणकुण लागली की मुंबईत त्या शेअरसाठी झुंबड उडत असे. कंपनी काय करते, याची चौकशी करण्याची गरज कुणाला भासत नसे. सुरतेच्या जैन व्यापारी कुटुंबातले प्रेमचंद बालपणी वडिलांसोबत मुंबईस आले. इंग्रजी जाणणारा देशी दलाल तेव्हा विरळाच; त्या बळावर युरोपीय पेढ्यांची दारे त्यांना उघडली आणि ऐन तारुण्यातच ते कापूस व शेअर बाजारातील बडे प्रस्थ बनले.

1861मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशातून मुंबईत बँका आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा 5 हजारांचा शेअर 50 हजारांपर्यंत चढला. मात्र, खरी गोम उधारीत होती. बँक ऑफ बॉम्बेत प्रेमचंदांचा शब्द झेलला जाई. शेअर तारण ठेवून कर्ज काढायचे, त्या कर्जातून पुन्हा शेअर घ्यायचे, असे चक्र सुरू झाले. रोकड नसलेले लोक वायद्याचे सौदे करीत. असे कितीतरी सौदे 1 जुलै 1865 रोजी पुरे व्हायचे होते.

त्याआधीच, एप्रिलमध्ये जनरल ली शरण गेले आणि कापूस कोसळला. काल विकायला तयार नसलेले सगळेच आज विकायला निघाले; घेणारा कोणी उरला नाही. एकाने पैसे थकवले की त्याच्यावर विसंबलेला दुसरा बुडे, त्याच्यामागे तिसरा. बॅकबेचा शेअर 2 हजारांच्या खाली आला. प्रेमचंदांचे दिवाळे निघाले. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली आणि सट्ट्याच्या वाटेला कधी न गेलेले तिचे भागधारकही पोळले.

प्रेमचंदांच्या दातृत्वाचे गोडवे गाताना या भागधारकांचा सहसा विसर पडतो. दातृत्व मात्र खरेच होते. 1864मध्ये, तेजीच्या भरात, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी प्रत्येकी 2 लाख रुपये दिले. कलकत्ता विद्यापीठाची त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती आजही विद्वत्तेची खूण मानली जाते. 1878मध्ये मनोरा पूर्ण झाला. त्याला प्रेमचंदांच्या मातोश्री राजाबाईंचे नाव मिळाले.

दिवाळ्यानंतर प्रेमचंदांनी मुंबई सोडली नाही. दलालीच्या धंद्यात ते पुन्हा उभे राहिले. मात्र पूर्वीचा दबदबा परतला नाही. 1906मध्ये त्यांचे निधन झाले.