तुळाजी आंग्रे
तुळाजी आंग्रे हे अठराव्या शतकातील मराठा आरमाराचे सरखेल आणि विजयदुर्गाचे अधिपती होते. कान्होजी आंग्रे यांच्या पुत्रांपैकी ते एक. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात त्यांचे आरमार जळून नष्ट झाले. ही घटना मराठ्यांच्या सागरी इतिहासातील सर्वांत मोठी हानी मानली जाते.

पार्श्वभूमी
कान्होजींचे १७२९ मध्ये निधन झाले. त्यांच्यानंतर सरखेल झालेले सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि संभाजी व मानाजी या भावांत वारसाहक्काचा कलह पेटला. या कलहात पेशव्यांनी मानाजींची बाजू घेतली. आंग्र्यांची सत्ता दुभंगली; कुलाबा मानाजींकडे, तर सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग संभाजींकडे राहिले. संभाजींच्या मृत्यूनंतर हा दक्षिणेकडील भाग तुळाजींच्या हाती आला.

कारकीर्द
तुळाजींनी १७४५ मध्ये सिद्दीकडून अंजनवेल जिंकून घेतले. त्यांच्या गुराबा व गलबते मलबारच्या किनाऱ्यापर्यंत संचार करीत. त्यांचे दस्तक न घेता फिरणारी जहाजे ते पकडत. १७४९ मध्ये त्यांनी इंग्रज कंपनीचे ‘रेस्टोरेशन’ हे जहाज काबीज केले आणि १७५४ मध्ये डच जहाजांच्या एका ताफ्याचा पराभव केला. इंग्रज लेखक त्यांना चाचे म्हणत. परंतु परवाना देण्याचा जो हक्क युरोपीय कंपन्या स्वतःसाठी सांगत, तोच हक्क तुळाजी बजावीत होते. मात्र स्वकीयांशीही त्यांचे पटले नाही. सावंतवाडीकर सावंत व बावड्याचे अमात्य यांच्याशी त्यांच्या कुरबुरी चालत आणि पेशव्यांचे वर्चस्व त्यांना मान्य नव्हते.

सुवर्णदुर्गाचा पाडाव
नानासाहेब पेशवे यांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी तुळाजींविरुद्ध तह केला. पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव बिवलकर यांनी जमिनीवरची आघाडी सांभाळली. एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या. एका गोळ्याने किल्ल्यातील गवती छपराने पेट घेतला, आग दारूकोठारापर्यंत पोहोचली व मोठा स्फोट झाला. त्यानंतर किल्ला फार काळ टिकला नाही.

विजयदुर्गातील अग्निकांड
पुढील वर्षी ॲडमिरल चार्ल्स वॉटसन व रॉबर्ट क्लाइव्ह मोठे आरमार घेऊन वाघोटन नदीच्या मुखाशी आले. गिर्ये गावावरून इंग्रज या किल्ल्याला घेरिया म्हणत. तुळाजी त्या वेळी तडजोडीच्या बोलण्यांसाठी पेशव्यांच्या छावणीत गेले होते. त्यामुळे निर्णायक लढाईत त्यांचे आरमार सेनापतीविना होते.

१२ फेब्रुवारी १७५६ रोजी दुपारी इंग्रज जहाजे खाडीत शिरली. आंग्र्यांची जहाजे तटाच्या आश्रयाला एकमेकांना बांधून दाटीने उभी केलेली होती. किल्ल्याच्या तोफांचे संरक्षण मिळावे हा त्यामागील हेतू. पण आगीपुढे हीच रचना घातक ठरली. इंग्रजांचा एक तोफगोळा ‘रेस्टोरेशन’वर पडला. पूर्वी इंग्रजांकडूनच घेतलेल्या या जहाजाला आग लागली आणि शेजारच्या जहाजांनी एकामागून एक पेट घेतला. लाकूड, डांबर, शिडे, दोरखंड व दारूगोळा यांमुळे ज्वाला आवरता आल्या नाहीत. तासाभरातच बहुतेक आरमार भस्मसात झाले. आग किनाऱ्यावर बांधणी चालू असलेल्या जहाजांपर्यंतही पोहोचली.

त्याच रात्री क्लाइव्हने सैन्य उतरवून पेशव्यांच्या फौजेची किल्ल्याकडील वाट अडवली. दुसऱ्या दिवशी किल्ला शरण आला. सुमारे १० लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. तिच्या वाटणीचे प्रमाण मुंबईहून निघण्यापूर्वीच ठरले होते व त्यात मराठ्यांना स्थान नव्हते.

अखेर
तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडले. त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन करण्यास पेशव्यांनी नकार दिला, पण मुक्तही केले नाही. त्यांचा अंत कैदेतच झाला. विजयदुर्ग सोडण्यास इंग्रज टाळाटाळ करीत राहिले. ऑक्टोबर १७५६ मधील तहानुसार बाणकोट इंग्रजांकडे राहिले आणि विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला. तेथे पेशव्यांनी स्वतःचे आरमार उभारले व पुढे आनंदराव धुळप यांनी त्याचे नेतृत्व केले.