शाहू महाराजांचे शिकारीचे सामान

राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव निघाले की आपल्याला राखीव जागा, वसतिगृहे आणि वेदोक्ताचा वाद आठवतो. त्यांचे चरित्र वाचताना माझे मन मात्र त्यांच्या शिकारीच्या तयारीपाशी रेंगाळते. रानात जाताना माणूस बरोबर काय घेतो आणि कोणाला घेतो, यावरून तो बराच कळतो असे मला वाटते.

धारवाडकरांना हा राजा परका नाही. १८७४ साली जन्मलेले कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. आजोळ मुधोळचे, म्हणजे शिकारी कुत्र्यांसाठी नावाजलेल्या गावचे! राजकोटच्या राजकुमार कॉलेजानंतर १८९० ते १८९४ या काळात स्टुअर्ट फ्रेझर या गुरूच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण आपल्या धारवाडातच झाले. पश्चिमेला दांडेलीचे दाट रान, आग्नेयेला राणेबेन्नूरकडची काळविटांची माळराने. शिकारीची आवड असलेल्या तरुणाला याहून चांगली जागा कोणती? १८९४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

त्या काळी साहेबाची शिकार म्हणजे मोठे बिऱ्हाडच असे. तंबू, घडीच्या खाटा, टेबलखुर्च्या, खानसामे. अंगात खाकी, पायांना पट्ट्या, डोक्यावर सोला हॅट. कोल्हापूरची प्रसिद्ध शिकार होती चित्त्याची, म्हणजे चित्त्याकरवी केलेली काळविटाची. तिच्यात माणसाच्या कपड्यांपेक्षा जनावराचे सामान महत्त्वाचे. डोळ्यांवर चढवायची कातडी टोपी, कमरेचा आणि गळ्याचा पट्टा, दोर, बसायला बाज आणि न्यायला बैलगाडी. गाडी बैलांचीच का? माळावरच्या काळविटाला शेतकऱ्याची गाडी रोजची असते. ती जवळ आली तरी ते बुजत नाही. पुरेसे अंतर कापले की टोपी काढायची, दोर सोडायचा. मग सारा खेळ काही क्षणांचा. पाडलेले सावज चित्ता सहज सोडत नाही, म्हणून लाकडी पळीत रक्त धरून त्याला बाजूला काढावे लागे. हे काम चित्तेवानाचे. तेथे बंदुकीचा किंवा राजेपणाचा काही उपयोग नव्हता. चित्ते बंदिवासात सहसा वीत नाहीत, त्यामुळे ते रानातूनच पकडून आणावे लागत. देशातले संपत आले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी ते थेट आफ्रिकेतून मागविले.

रानाची खरी विद्या ज्यांच्याकडे होती त्यांत फासेपारधी होते. फास लावून जिवंत जनावर धरणे हा त्यांचा वंशपरंपरागत धंदा. पण इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून अशा लोकांवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारण्याचे धोरण चालू होते. महाराजांनी या लोकांना जवळ केले आणि कोल्हापूरजवळच्या सोनतळी कॅम्पवर पहाऱ्याला नेमले. ज्यांच्यापासून पेट्या सांभाळायच्या असे सरकार सांगत होते, त्यांच्याच हाती राखण सोपविली! अशा जमातींना रोज द्यावी लागणारी हजेरीही त्यांनी १९१८ साली आपल्या संस्थानात बंद केली. शिकारीच्या छंदावर राजेलोकांनी किती पैसा उधळला याचा मला राग आहे, आणि शाहूंना त्यातून वगळण्याचे कारण नाही. तरीही अनेक राजे त्याच रानातून शिंगे आणि कातडी घेऊन परतले; शाहूंना तेथे माणसे दिसली, हा फरक मला लहान वाटत नाही.

६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या शिकारीच्या रानातील दाजीपूर १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले, आणि आपल्याकडे राणेबेन्नूरची काळविटे १९७४ पासून संरक्षणाखाली आहेत. १९५२ साल मात्र मला चमत्कारिक वाटते. त्याच वर्षी भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी गुन्हेगार जमातींचा कायदाही रद्द झाला. चित्ता २०२२ मध्ये आफ्रिकेहून विमानाने कुनोच्या जंगलात परत आला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर फासेपारध्याचा धंदा मात्र कायमचा गेला, आणि आजही गावात चोरी झाली की अनेक ठिकाणी पहिली विचारपूस त्याच्याच पालावर होते.