धर्मानंद कोसंबी : नोकऱ्या अनेक, काम एकच

४ जून हा आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा स्मृतिदिन. पाली भाषा आणि बौद्ध साहित्याचे मोठे अभ्यासक ही त्यांची ओळख आपल्याला आहे. आम्ही वस्त्यांमध्ये तरुणांसोबत काम करतो. पदवी हातात आहे, दोन-तीन नोकऱ्या धरून सोडून झाल्या, स्पर्धा परीक्षेची वर्षे गेली, आता आपले काही खरे नाही, असे म्हणणारी मुले-मुली आम्हाला नेहमी भेटतात. कोसंबींचे आयुष्य त्यांच्यासमोर ठेवावेसे वाटते.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातील साखवाळचा. प्रकृती नाजूक, शाळा जेमतेम. लहान वयात लग्न झाले आणि घरच्या नारळीच्या बागेचे काम अंगावर पडले. अशा काळात ‘बालबोध’ मासिकातील बुद्धांचे छोटे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धांचा धम्म मुळातून समजून घ्यायचा ध्यास लागला. तेव्हा तो शिकवणारे कोणी जवळपास नव्हते. पुस्तके नव्हती, पैसे तर नव्हतेच.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. बौद्ध धम्म सापडेल या आशेने नेपाळला गेले आणि निराश होऊन परतले. बोधगयेला त्यांना सिलोनची वाट कळली. १९०२ मध्ये ते कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पोहोचले, सुमंगल महास्थविरांकडे श्रामणेर झाले आणि पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात राहून ध्यानाचा अभ्यास केला. १९०६ मध्ये ते कलकत्त्याला आले, चीवर उतरवले आणि पाली शिकवू लागले.

इथून पुढे नोकऱ्यांची रांगच लागते. कलकत्त्यात राहिले असते तर महिना २५० रुपये मिळणार होते. पण पालीचे ज्ञान महाराष्ट्रात पोहोचावे ही त्यांची इच्छा होती. सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी महिना ५० रुपये देऊ केले आणि कोसंबींनी ते पत्करले. १९१० मध्ये ते हार्वर्डला गेले. तिथे ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनात श्रेयावरून मतभेद झाले, तेव्हा १९१२ मध्ये परत आले. मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवले. पुढे पुन्हा हार्वर्ड, अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ, १९२९ मध्ये रशियातील लेनिनग्राड. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरून त्यांनी तुरुंगवासही भोगला. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी ‘बहुजन विहार’ उभा केला. दोनेक वर्षांनी तेही सोडले.

एखाद्या मुलाखतीत हा बायोडेटा ठेवला तर कुठेच टिकत नाही, असा शेरा मिळेल. पण या सगळ्याच्या मुळाशी एकच काम होते : पाली साहित्य शिकणे, शिकवणे आणि सामान्य माणसाच्या भाषेत आणणे. ज्यावरून मतभेद झाले त्या ‘विसुद्धिमग्गा’ची स्वतंत्र देवनागरी आवृत्ती त्यांनी १९४० मध्ये काढली. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे त्यांनी ते काम हातचे सोडले नव्हते. १९४०-४१ मध्ये ‘भगवान बुद्ध’ आले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा त्यात त्यांनी तपासून बाजूला ठेवली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेल्या भांडणाकडे लक्ष वेधले. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागामागे रोहिणीच्या पाण्याचाच प्रश्न आहे, हे आपण जाणतो.

मात्र हे चरित्र नुसते आदर्श म्हणून सांगणे आम्हाला पटत नाही. कोसंबी घराबाहेर पडले तेव्हा पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे राहिल्या. त्यांच्या शोधाची किंमत बाळाबाईंनीही मोजली. त्यांची वाट कोणी विचारत नाही. दुसरी गोष्ट जातीची. काशीच्या अन्नछत्रात कोसंबींना पान मिळाले, कारण ते ब्राह्मण होते. ज्या सयाजीरावांनी कोसंबींना मदत केली त्यांनीच १९१३ मध्ये बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. पण १९१७ मध्ये कोलंबियाचे शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीवर आलेल्या बाबासाहेबांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. थोड्याच दिवसांत त्यांना परतावे लागले. एकाने नोकऱ्या आपल्या इच्छेने सोडल्या, दुसऱ्याला जातीने सोडायला लावली. नोकरी बदलणाऱ्या प्रत्येक तरुणाला चंचल म्हणण्याआधी हा फरक समाजाने लक्षात घ्यावा.

मग कोसंबींकडून काय घ्यायचे? नोकरी म्हणजे आपले आयुष्य नव्हे, हे पहिले. पोटासाठी मिळेल ते काम करावे लागते, त्यात कमीपणा नाही. पण आपल्याला कशाचा ध्यास आहे हे ठरलेले असेल, तर कुरिअरची पिशवी वाहताना आणि कॉल सेंटरच्या रात्रपाळीतही त्यासाठी रोजचा एक तास काढता येतो. ध्यास ठरलेला नसेल तर मोठ्या पगारातही माणूस हरवतो.

दुसरे, एकट्याच्या जिद्दीवर कोणी इतके चालत नाही. कोसंबींना अन्नछत्र, परिवेण आणि ५० रुपयांचा आधार होता. आपल्या मुला-मुलींसाठी असा आधार आपल्यालाच उभा करावा लागेल. विहारात अभ्यासिका सुरू करता येते. नोकरीत स्थिरावलेल्या दोघा-तिघांनी मिळून एका विद्यार्थ्याचा वर्षाचा खर्च उचलता येतो. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलीला राहायला खोली मिळवून देता येते.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे कोसंबींनी देह ठेवला. त्यांनी एकही विद्यापीठाची पदवी घेतली नव्हती, आणि त्यांच्याकडून पाली शिकलेले विद्यार्थी पुढे त्या विषयाचे प्राध्यापक झाले. या स्मृतिदिनी फोटोला हार घालूच, पण सोबत आपल्या वस्तीतील अशा एका तरुणाला किंवा तरुणीला विचारू या, तुला नेमके काय करायचे आहे आणि त्यासाठी आम्ही काय करू?

जयभीम, नमो बुद्धाय.