‘स्पीक’मधला ‘ईए’ आणि वेबस्टर

‘स्पीक’, ‘ग्रीफ’, ‘की’. उच्चार एकच, दीर्घ ‘ई’. लिहायचे मात्र ‘ईए’, ‘आयई’, ‘ईवाय’. मुलांची ही अडचण अमेरिकेतील नोआ वेबस्टर (१७५८-१८४३) यांनी शाळेत शिकवताना पाहिली. १७८३ मध्ये त्यांचे स्पेलिंगचे पुस्तक आले. पुढे ते निळ्या पुठ्ठ्यावरून घरोघरी ओळखले जाऊ लागले. त्यात स्वरांवर आकडे छापले होते: आकडा सारखा, तर उच्चारही सारखा. युक्ती साधी, पण मुलांना आधार देणारी. १७८९ मध्ये त्यांनी थेट स्पेलिंगच बदलायला सुचवले; या तिन्ही शब्दांत सरळ डबल ई लिहावा. (आपला ऱ्हस्व-दीर्घाचा वाद आठवतोय ना?) लोकांनी ते मानले नाही. त्यांच्याच १८२८ च्या शब्दकोशात ‘कलर’मधला यू गळाला, ‘स्पीक’मधला ईए राहिला.