भाता, वेग आणि हातावरचा चटका

रामनवमीला जांब समर्थला गर्दी उसळते. समर्थ रामदासांचे जन्मगाव ते, त्यामुळे घनसावंगी तालुक्यातूनच नव्हे, तर लांबून लोक येतात. मोटारसायकली अंगाला अंग लावून उभ्या असतात. त्यांच्यामधून वाट काढताना कुणाच्या तरी पोटरीला तापलेला सायलेन्सर लागतोच. माणूस जागेवरच थोडी थुंकी लावतो आणि दर्शनाच्या रांगेत उभा राहतो. आजची गोष्ट अशाच एका चटक्याची आहे. ज्याला तो बसला तो त्या काळी इंग्लंडमधला सर्वांत धाडसी मोटार शर्यतपटू मानला जाई.

सर हेन्री बिर्किन, मित्रांमध्ये ‘टिम’. जन्म 26 जुलै 1896, नॉटिंगहॅमच्या लेस विणणाऱ्या धनाढ्य कारखानदारांच्या घरात. चण लहानखुरी, बोलताना अडखळण्याची सवय, गळ्यात मात्र कायम निळा-पांढरा ठिपक्यांचा रुमाल. पहिल्या महायुद्धात तो हवाई दलात गेला, पॅलेस्टाईनच्या आघाडीवर लढला आणि तिथून हिवताप घेऊन परतला. या हिवतापाने पुढे त्याची पाठ सोडली नाही. 1921 मध्ये त्याने शर्यती सुरू केल्या, घरच्यांच्या आग्रहाखातर सोडल्या आणि 1927 मध्ये पुन्हा धरल्या. त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ आर्ची आइल ऑफ मॅन इथे मोटारसायकलच्या सरावात मरण पावला. टिम थांबला नाही.

तो बेंटले मोटार चालवायचा. साडेचार लिटरचे इंजिन, सुमारे 110 अश्वशक्ती. गाडी दणकट होती, पण परदेशी प्रतिस्पर्ध्यांपुढे कमी पडू लागली होती. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटले यांचा उपाय साधा होता: शक्ती हवी तर इंजिनच मोठे बनवा. बिर्किनला ते मान्य नव्हते. आहे त्याच इंजिनाला जास्त हवा पाजायची, असे त्याने ठरवले.

यामागचे विज्ञान लोहाराच्या भात्यात आहे. कोळसा तेवढाच असतो, पण भाता मारला की निखारा पांढरा होतो. कारण जळण्याला इंधनाइतकीच हवाही लागते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. साधे इंजिन ही हवा स्वतः ओढून घेते, म्हणजे ते वातावरणाच्या दाबावर अवलंबून असते. सुपरचार्जर हा इंजिनावरच चालणारा पंप. तो हवा दाबून आत कोंबतो, मग इंधनही जास्त घालता येते आणि तेवढ्याच सिलिंडरमधून जास्त शक्ती निघते. यातला ‘रूट्स’ प्रकार मूळचा मोटारीचा नव्हेच. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी 1860 मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांना हवा देण्यासाठी तो वापरला गेला. म्हणजे खरोखरच भाता!

टर्बोचार्जर त्याचाच चुलत भाऊ. तो इंजिनाच्या शक्तीवर नव्हे, तर बाहेर फेकल्या जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरतो. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूची यांनी 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. आज उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या कितीतरी ट्रॅक्टरांत तो बसलेला असतो.

अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्स या अभियंत्याने बिर्किनसाठी सुपरचार्जर तयार केला. तो रेडिएटरच्या पुढे, गाडीच्या नाकावर बसवला. शर्यतीच्या गाडीची शक्ती 240 अश्वशक्तीपर्यंत गेली. पैसा डोरोथी पॅजेट या श्रीमंत तरुणीने पुरवला. ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत उतरायचे तर नियमाप्रमाणे अशा 50 गाड्या विक्रीसाठी बनवणे भाग होते. त्याही बनल्या. बेंटले यांना हे सारे नापसंतच होते.

आणि त्यांचे फारसे चुकलेही नव्हते. दाबलेली हवा तापते, सायकलचा पंप मारताना तो हाताला गरम लागतो तसा. जास्त इंधन जळले की जास्त उष्णता निर्माण होते, स्पार्क प्लग जातात, तेलाची वाट लागते. शिवाय पंप फिरवायला इंजिनाचीच शक्ती खर्च होते. 1930 च्या ल मान्समध्ये बिर्किनने दोन चाके गवतावर घालून, टायरचा रबर उडत असताना, काराचिओलाच्या सुपरचार्ज्ड मर्सिडीझला मागे टाकले. लोक आजही ते सांगतात. मर्सिडीझ रात्री बंद पडली, पण पॅजेटच्या सुपरचार्जर लावलेल्या गाड्याही पोहोचल्या नाहीत. पहिल्या दोन जागा बेंटले यांच्या मोठ्या इंजिनाच्या साध्या गाड्यांनी घेतल्या. बिर्किनने ल मान्स दोनदा जिंकली, 1929 आणि 1931 मध्ये, पण या लाडक्या गाडीत एकदाही नाही. (जुन्या जीपला टर्बो लावू पाहणाऱ्या हौशी मंडळींनी हे लक्षात ठेवावे. आतले भाग त्या दाबासाठी घडवलेले नसतात आणि परवानगीशिवाय असा बदल केल्यास आरटीओचा प्रश्नही येतोच.)

7 मे 1933. ट्रिपोलीची ग्रां प्री. बिर्किन मासेरातीत होता, तीही सुपरचार्ज्डच. शर्यतीत तो तिसरा आला. इंधनासाठी थांबला असताना सिगारेटचा लायटर घ्यायला हात पुढे केला आणि बाहेरून जाणाऱ्या धुराच्या तापलेल्या नळीला तो टेकला. भाजलेल्या जागेकडे त्याने दुर्लक्ष केले. इंग्लंडला परतल्यावर जखम चिघळली, ताप चढला. 22 जूनला, चटक्यानंतर 46 दिवसांनी, लंडनच्या एका नर्सिंग होममध्ये तो गेला. वय 36. जखमेतून रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग की जुन्या हिवतापाचा उलटलेला हल्ला, यावर मतभेद आहेत. दोन्ही मिळूनही घडले असेल.

माझ्या मते इथे खरे नाट्य तारखांमध्ये आहे. पेनिसिलिनचा परिणाम फ्लेमिंग यांना 1928 मध्येच दिसला होता, पण त्याचे औषध माणसाला मिळायला 1941 उजाडले. डोमाक यांनी सल्फा गटातल्या पहिल्या औषधाचे निष्कर्ष 1935 मध्ये जाहीर केले. बिर्किनच्या डॉक्टरांच्या हाती 1933 मध्ये यातले काहीच नव्हते.

कातडी म्हणजे जंतूंना अडवणारी भिंत. भाजल्यावर ती तिथे पडते, आणि मेलेल्या पेशी जंतूंना आयता खुराक ठरतात. म्हणून सायलेन्सरचा चटका बसला तर भाजलेला भाग लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटे धरा. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यातले काहीही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने जखम झाका आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवा. दोन-तीन दिवसांनी लाली पसरू लागली, पू आला, जखमेपासून वर लाल रेघ चढताना दिसली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. श्वास जलद झाला, माणूस बरळू लागला, हातपाय गार पडले तर थेट मोठे रुग्णालय गाठा. मधुमेह असलेल्यांनी लहान चटकाही डॉक्टरांना दाखवावा. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर चटका बसल्याचे त्यांना कळतही नाही.

बिर्किनला नॉरफोकमधल्या ब्लेकनी गावात पुरले. त्याची लाल रंगाची एक आसनी सुपरचार्ज्ड बेंटले 2012 मध्ये लिलावात 50 लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला पेनिसिलिन बनवणारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी 1954 मध्ये स्थापन झाली, बिर्किन गेल्यानंतर 21 वर्षांनी.